शाळा आठवते, तरी उत्तर चूक!

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो आहे. नेटबँकिंगचा पासवर्ड विसरलो, तर ‘पहिल्या शाळेचं नाव’ विचारतात. शाळा चांगली आठवते, पण उत्तर दरवेळी चूक! पेन्शन अडकेल का? – एक वाचक, इगतपुरी

उत्तर : काका, पेन्शन नेहमीसारखीच जमा होईल. पासबुक, एटीएमही चालू राहतं. अडलंय फक्त नेटबँकिंग.

तुमची शाळा कोणती, हे बँकेला ठाऊकच नसतं. पूर्वी टाइप केलेली अक्षरं आजच्या अक्षरांशी जुळतात का, एवढंच तपासलं जातं. तेव्हा ‘जिल्हा परिषद शाळा’ लिहिलं आणि आज ‘झेडपी स्कूल’, तर संपलं! इंग्रजीत इगतपुरीच्या ‘पु’ला एक ‘यू’ की दोन ‘ओ’, यावरूनही गाडी अडते. दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच असे प्रश्न विचारू नयेत असं सांगितलं.

आता अंदाज बांधणं थांबवा, नाहीतर लॉगिन लॉक होईल. बहुतेक बँकांत डेबिट कार्ड आणि ओटीपीवर नवा पासवर्ड मिळतो. नाहीच जमलं तर पासबुक, आधार घेऊन शाखेत जा. गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर मात्र फोन करू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

पुन्हा प्रश्न निवडायला सांगितला, तर उत्तर खरं द्यायलाच हवं असं नाही. ‘आईचं माहेरचं आडनाव’ असा प्रश्न असला, तर खरं उत्तर सगळ्या भावकीला माहीत असतं! असंबद्ध काहीतरी लिहा आणि जसंच्या तसं घरच्या वहीत उतरवून ठेवा. मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी नको.