बेसनाचं धिरडं : पहिलं कुणाच्या ताटात?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला मी जरा लवकरच पोचले. ज्या ताईंच्या घरी बैठक होती, त्या चुलीपुढे बसून बेसनाची धिरडी घालत होत्या. मलाही गरम गरम दोन वाढली, वर ठेचा. मुलं खाऊन शाळेत गेली, दादा खाऊन शेतात गेले, सासूबाईंचंही झालं. तोवर पातेल्यातलं पीठ संपलं. मग ताईंनी बाजूला ठेवलेलं एक तुटकं धिरडं उचललं, त्यावर कपभर चहा घेतला आणि हिशोबाची वही काढली. मी विचारलं, "ताई, एवढंच?" त्या हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, पहिलं धिरडं बाईचंच असतं. तव्याला चिकटतं ना ते!"

जमलेल्या सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून या अंकातला आपला धडा धिरड्याचा. तुम्ही म्हणाल, ही कालची पोरगी आम्हाला काय धिरडी शिकवणार! खरंच आहे. मला ती तुम्हीच शिकवलीत. मी फक्त वेगवेगळ्या गावांत ऐकलेलं एकत्र मांडते आहे, आणि शेवटी एक प्रश्न विचारणार आहे.

धिरडंच का?

कुठे याला धिरडं म्हणतात, कुठे बेसनाचा पोळा. नाव काही असो, पीठ भिजवलेलं असलं की चार-पाच मिनिटांत एक तयार. खुरपायला जायच्या घाईत भाजी नसली तरी चालतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १०० ग्रॅम बेसनात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. म्हणजे दोन धिरडी खाल्ली की जवळजवळ दोन अंड्यांइतकी प्रथिनं पोटात जातात. नुसत्या भाकरी-चटणीत एवढी मिळत नाहीत.

तिसरं, हरभऱ्यात लोह असतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे साधारण ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी! चक्कर येणं, दम लागणं, जिना किंवा चढ चढताना पाय गळून जाणं, याला आपण "कामाचा शीण" म्हणतो आणि सोडून देतो.

साहित्य (सहा ते सात धिरड्यांसाठी)

बेसन २ वाट्या, ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ २ चमचे, बारीक चिरलेला कांदा १, मूठभर मेथी, पालक किंवा शेवग्याचा पाला, मिरची-लसूण-जिऱ्याचं वाटण, हळद, ओवा, मीठ, थोडं तेल. पाणी पावणेदोन ते दोन वाट्या.

कृती

१. बेसन चाळून घ्या. त्यात ज्वारीचं पीठ, हळद, मीठ, वाटण आणि हातावर चोळलेला ओवा घाला. ज्वारीच्या पिठानं धिरडं कुरकुरीत होतं, ओव्यानं बेसन पोटाला जड पडत नाही.

२. पाणी एकदम ओतू नका. आधी थोडंसं घालून घट्ट कालवा, गाठी मोडा, मग बाकीचं पाणी हळूहळू घाला. पळीवरून सरसर पडेल, पण अगदी पाण्यासारखं होणार नाही, इतपत पातळ ठेवा.

३. दहा मिनिटं झाकून ठेवा. पीठ फुगतं आणि धिरडं तुटत नाही.

४. कांदा आणि पाला अगदी घालायच्या वेळी मिसळा. आधी घातला तर मिठानं पाणी सुटतं आणि पीठ सैल होतं.

५. आता तवा. पहिलं धिरडं चिकटतं ते नशिबानं नाही, तवा नीट तापलेला नसतो म्हणून. तवा चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की चर्र वाजून उडाला पाहिजे. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर सगळीकडे घासा. मग आंच मध्यम करा.

६. पळीभर पीठ मध्ये ओतून पळीच्या बुडानं गोल पसरवा. कडेनं चार थेंब तेल सोडा, झाकण ठेवा. वरचा ओला रंग गेला आणि कडा आपोआप सुटल्या की उलटा. त्याआधी उलथनं लावायचं नाही. दुसरी बाजूही नीट भाजा, कारण कच्चं बेसन पोटाला बाधतं.

जमलं तर लोखंडी तवा वापरा, त्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. वर लिंबू पिळा. लिंबामुळे बेसनातलं आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहानं उलटं होतं, म्हणून धिरड्याबरोबर चहा नको. तासाभरानं घ्या.

बेसन शक्यतो घरच्या हरभऱ्याच्या डाळीचं दळून आणा. डाळ निवडून उन्हात चांगली तापवा. पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढंच दळा आणि कोरड्या डब्यात ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. धिरडं हे औषध नाही. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. लोहाच्या गोळ्या दिल्या तर डब्यात ठेवू नका, सांगितल्याप्रमाणे घ्या. काही त्रास झाला तर आशाताईंना विचारा.

बैठकीत बोलू या

पुढच्या बैठकीत वर्गणी जमा झाली की प्रत्येकीनं सांगायचं: काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं? आणि तिच्या ताटात काय होतं? कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. आपण गटात पै-पैचा हिशोब ठेवतो. कर्ज कुणी घेतलं, हप्ता कुणाचा राहिला, सगळं तोंडपाठ असतं. मग आपल्या ताटाचा हिशोब का नाही?

घरात भांडण करा असं मी म्हणत नाही. सुरुवात सोपी ठेवा. पीठ कालवलं की दोन पळ्या पीठ वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवा. ते तुमचं. मुलीलाही हे दिसू द्या, नाहीतर तीही उद्या तुटकंच उचलेल.

परवा त्याच ताईंच्या घरी परत गेले होते. त्या अजूनही सगळ्यांच्या नंतरच जेवतात. पण चुलीजवळ एक वाटी झाकून ठेवलेली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच झाकण काढून दाखवलं आणि तवा पुन्हा चुलीवर चढवला.

तुमच्या गटाच्या वहीत काय लिहिलं गेलं, ते मला पुढच्या भेटीत नक्की सांगा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक