तुटणारा दोरा
(कुटुंबात मिळून वाचण्याचा पाठ)

आपल्या घरातील बहुतेक सुखे लहान असतात, आणि त्या सुखांस लागून येणारे अपघातही बहुधा लहानच असतात. भाकरी तव्यावर फुटते, दूध उतू जाते, नवी काचेची बरणी मुलाच्या हातून निसटते. त्या वेळी घरात थोडी कटकट होते. पण वर्ष लोटले म्हणजे तीच गोष्ट पाहुण्यांपुढे हसत हसत सांगितली जाते. अशा अपघातांनी संसार बिघडत नाही. परंतु काही अपघात असे आहेत की, सुख एकाच्या घरचे आणि दुःख मात्र दुसऱ्याच्या घरी जाते. ह्या दोहोंतला भेद मुलामाणसांस समजावा, एवढ्याचसाठी आजचा पाठ आहे. आणि त्याकरिता आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एक आवडती करमणूक, म्हणजे संक्रांतीचा पतंग, आपण विचारास घेऊ.

१. पतंगाचे सुख

नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीसाठी जसे प्रसिद्ध, तसेच पतंगासाठीही प्रसिद्ध आहे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तेथे बाजारपेठेपेक्षा धाब्यावर व गच्चीवर अधिक गर्दी असते. आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर वर चढते. बायकाही मागे राहत नाहीत. एक जण पतंग उडवितो, तर दुसरा दोरा गुंडाळण्याचे मोठे चक्र, ज्यास तेथे आसारी म्हणतात, ते सांभाळतो. खाली हलगी वाजत असते, आणि कोणाचा पतंग कापला गेला की “वकाट!” अशी एकच आरोळी उठते.

ह्या सुखास खर्च फार लागत नाही. बांबूची एक उभी काडी, एक वाकवलेली कमान, पातळ कागद आणि थोडी खळ, एवढ्यात पतंग तयार होतो. खरे कौशल्य पुढेच आहे. कन्नी बांधताना वरचा व खालचा दोरा किती लांब ठेवावा, ह्यावर पतंग स्थिर राहील की गोते खाईल हे ठरते. एका अंगास कललेल्या पतंगास दुसऱ्या अंगास चिंधी बांधून समतोल करावे लागते. वारा पडला तर दोरा खेचावा, वारा भरला तर ढील द्यावी. हे बोटांस शिकावे लागते, पुस्तकातून येत नाही. जो मुलगा एरवी घटकाभर एका जागी बसत नाही, तो पतंगापायी दोन दोन तास धीर धरतो. अशा करमणुकीस नुसता उनाडपणा म्हणून नावे ठेवणे योग्य नव्हे.

२. लहान अपघात हा खेळाचा भागच आहे

आता ह्या खेळातील नुकसानीकडे पाहा. कागद फाटतो. पतंग बाभळीत अडकतो. बोट कापते. आणि तासभर खपून उंच चढविलेला पतंग शेजारच्या गच्चीवरील लहानशी पोर एका झटक्यात कापून नेते! उडविणाऱ्याचे तोंड उतरते खरे. पण घटकाभराने तोच दुसरा पतंग हाती घेतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पेच म्हणजे दोन दोऱ्यांचे एकमेकांवर घासणे. त्यांतील एक तुटला म्हणजे पेच संपतो. कोणाचाच दोरा कधीही तुटणार नाही, असे झाले तर पेच उरणार नाही, आरोळी उरणार नाही, आणि कापलेल्या पतंगामागे धावणाऱ्या गरीब मुलांस फुकटचा पतंगही मिळणार नाही. म्हणजे दोरा तुटणे ही ह्या खेळातील उणीव नव्हे. त्यावरच खेळ उभा आहे.

स्वयंपाकघरातही ह्याच दिवसांत असेच चालते. संक्रांतीचा हलवा करणारी बाई मंद आचेवर परात ठेवून तिळावर साखरेचा पाक थेंब थेंब घालते आणि बोटांनी सारखी हालवीत राहते. घाई करून पाक जास्त घातला तर दाणे एकमेकांस चिकटून गोळा होतो. आच वाढविली तर काटा येण्याऐवजी रंग पिवळा पडतो. आणि बोटे तर भाजतातच. तथापि बाजारचा हलवा स्वस्त मिळत असताही पुष्कळ घरी तो हाताने करतात, ह्याचे कारण त्या खटपटीतच सुख आहे.

दोरा तुटला म्हणून काम बुडते असेही नाही. इ. स. १८४८ साली अमेरिकेत नायगरा नदीच्या खोल दरीवर झुलता पूल बांधावयाचा होता. पहिली दोरी पलीकडे न्यावी कशी, हा प्रश्न पडला. तेव्हा पतंग उडवून दोरा पैलतीरी पोहोचविणाऱ्यास बक्षीस लावण्यात आले. होमन वॉल्श नावाचा एक मुलगा नावेने कॅनडाच्या तीरावर गेला, आणि वारा अनुकूल पाहून त्याने तेथून पतंग सोडला. पतंग दरी ओलांडून गेला. पण दोरा बर्फाच्या धारेवर घासून तुटला! नदीत बर्फ वाहू लागल्यामुळे नाव बंद पडली आणि मुलगा पलीकडेच काही दिवस अडकून राहिला. पुढे तो परत आला, पतंग शोधून दुरुस्त केला, पुन्हा पलीकडे गेला, आणि ह्या खेपेस दोरा पोहोचला. त्या दोऱ्यास जाड दोरी, दोरीस त्याहून जाड दोर, असे करीत अखेर तारेचा दोर ओढून नेण्यात आला आणि पुलाचे काम सुरू झाले. तुटलेला दोरा पुन्हा जोडण्याची तयारी होती, म्हणूनच ते साधले.

३. न तुटणारा दोरा

पूर्वी मांजा सुताचाच असे. दोन खांबांमध्ये सुती दोरा ताणावा, काच कुटून वस्त्रगाळ करावी, ती खळीत अथवा सरसात रंगाबरोबर कालवावी आणि दोऱ्यास लावून उन्हात वाळवावी, अशी रीत होती. तो मांजाही बोट कापीत असे, आणि त्यास निर्दोष म्हणता येणार नाही. परंतु जोराचा ताण बसला की तो तुटे, आणि कोठे पडून राहिला तर पावसापाण्यात कुजून जाई.

अलीकडे काही वर्षांत नायलॉनचा एकसंध तंतू मांजा म्हणून बाजारात आला. लोक त्यास चिनी मांजा म्हणतात, जरी तो आपल्या देशातही तयार होतो. तो स्वस्त आहे, बारीक आहे, आणि ताणला असता लांबतो पण सहसा तुटत नाही. आपला पतंग कधीच कापला जाऊ नये, अशी ज्याची इच्छा, तो हा मांजा घेतो.

ह्याचे फळ काय होते ते पाहावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे ११ मीटर, म्हणजे छत्तीस फूट, पुढे जाते. रस्त्यावर आडवा लोंबणारा बारीक दोरा इतक्या अंतरावरून डोळ्यांस दिसत नाही. तो गळ्यास लागला म्हणजे गाडी व माणूस ह्यांचा सारा जोर त्या केसाएवढ्या रेषेवर येतो. सुती दोरा बहुधा अशा वेळी तुटतो. नायलॉन तुटत नाही; मग कातडे तुटते. मानेत श्वासनलिका आणि मेंदूस रक्त पोहोचविणाऱ्या मोठ्या शिरा त्वचेपासून फार खोल नसतात.

ही कल्पना नव्हे. २०२० सालच्या डिसेंबरात नाशिक शहरात दुचाकीवरून जाणारी एक स्त्री अशाच मांजाने गळा चिरून मरण पावली. १४ जानेवारी २०२५ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, त्याच शहरात एका तरुणाचा असाच अंत झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्येच नायलॉनच्या व अन्य कृत्रिम, न कुजणाऱ्या मांजावर सर्व देशात बंदी घातली होती. म्हणजे बंदी आधीची आहे, आणि ही मरणे नंतरची आहेत. कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. आपल्या माळ्यावरच्या आसारीपर्यंत आपणासच गेले पाहिजे.

४. मुक्या पाखरांविषयी

संक्रांतीचे दिवस हेच पाहुण्या पाखरांचेही दिवस होत. आपल्या जिल्ह्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथील जलाशयावर थंडीत दूरदूरच्या प्रदेशांतून पक्षी उतरतात. जानेवारी २०२० मध्ये ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. असा मान मिळविणारी महाराष्ट्रातील ती पहिलीच जागा होय. पाखरे सकाळी चाऱ्यास निघतात आणि सायंकाळी परततात; पतंगही पुष्कळदा त्याच वेळी आकाशात असतात. झाडात अडकलेला नायलॉन उन्हाळाभर, पावसाळाभर तसाच राहतो. घुबड, बगळा, घार ह्यांचा पंख त्यात गुंतला म्हणजे सुटण्याच्या धडपडीने दोरा अधिकच रुततो. खेळ तीन दिवसांचा, आणि फास मात्र वर्षभराचा!

५. दोष कोणाचा?

“मी काही कोणाचा गळा कापावा म्हणून पतंग उडविला नाही,” असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही असेल. परंतु प्राचीन इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, ह्याच प्रकारच्या सबबीचा विचार केलेला आढळतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, अशी तेथे आज्ञा आहे. न केल्यास वरून पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. घरधन्याने कोणास ढकलले नाही. त्याने केवळ कठडा केला नाही, आणि तेवढेच पुरे आहे. आपल्या गच्चीवरून कोणास इजा पोहोचेल हे आधी पाहणे घरधन्याचे काम आहे. मग ती इजा गच्चीवर होवो की तेथून सुटलेल्या दोऱ्याने दोन गल्ल्यांपलीकडे होवो.

ह्यात आईबापांचाही वाटा आहे. मुलगा हट्ट करतो, “सगळ्यांकडे तोच मांजा आहे, माझाच पतंग कापला जातो.” बाप त्याचे रडे थांबवावे म्हणून चोरून विकला जाणारा मांजा आणून देतो. त्याने मुलाचे पाच रुपयांचे दुःख टाळले, आणि त्याच वेळी ते दुःख शंभरपटीने वाढवून रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या गळ्यात घातले. जे लहान नुकसान आपण सोसावयाचे, ते सोसण्यास नाकारले म्हणजे ते बहुधा दुसऱ्याकडे मोठे होऊन जाते. पतंग कापला गेल्यावर हसून दुसरा लावण्यास मुलास शिकविणे हे त्यास पतंग घेऊन देण्याइतकेच आवश्यक आहे.

६. घरी काय करावे

दोरा विकत घेताना तो पेटवून पाहावा. सुताचा दोरा जळून राख होते. नायलॉन वितळून त्याची कडक गोळी बनते. घरात जुना नायलॉन मांजा असल्यास तो कचऱ्यात सोडून देऊ नये. बारीक तुकडे करून बंद पिशवीत भरून टाकावा.

पतंग मोकळ्या मैदानात उडवावा. गच्चीवर उडवावयाचा तर कठडा असलेल्या गच्चीवरच, आणि मोठे माणूस जवळ ठेवून. विजेच्या तारेत अडकलेला पतंग काठीने वा गजाने काढू नये. ओला दोरा अथवा धातूची पूड लावलेला मांजा विजेस वाट देतो.

ह्या दिवसांत दुचाकीवर निघताना गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळून तिचे टोक आत खोचावे, गाडी सावकाश हाकावी, आणि लहान मुलास टाकीवर पुढे बसवू नये.

कोणाची मान कापली गेल्यास स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरावे व दाब सोडू नये. मानेभोवती आवळून काही बांधू नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षी गुंतलेला आढळल्यास दोरा ओढू नये. तो दोन्ही बाजूंनी कातरावा, पक्ष्यास भोके पाडलेल्या खोक्यात शांत जागी ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये, आणि वनखात्यास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे.

खेळ आटोपल्यावर सर्व मुलांनी मिळून आवारातील, झाडांवरील व रस्त्यावरील तुटका दोरा गोळा करावा. जो सर्वांत मोठा गुंडा आणील त्यास तिळगुळाची एक वडी जास्त द्यावी. हा पेच कोणत्याही पेचाइतकाच चुरशीचा होतो.

विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपल्या घरी झालेला असा कोणता लहान अपघात आहे की, ज्यावर आता आपण हसतो?

२. दोरा तुटणे हे पतंगाच्या खेळात आवश्यक का आहे? दुसऱ्या कोणत्या खेळात हरणे असेच आवश्यक असते?

३. कठडा न बांधणारा घरधनी आणि नायलॉनचा मांजा आणणारा बाप, ह्यांच्यात साम्य कोणते?

४. आपल्या करमणुकीपैकी कोणत्या करमणुकीचा त्रास शेजाऱ्यास होतो? तो कमी करण्यासाठी आपण आपले कोणते लहान नुकसान सोसण्यास तयार आहो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येकाने निरनिराळे द्यावे. आणि मुलांनी वडील मंडळींसही ते विचारावे.