खो कोण देणार?

धाराशिवची माती खो-खोची. येथील सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार लाभला. सायंकाळ झाली, की आपली मैदाने मुलांच्या आरोळ्यांनी दुमदुमतात. परंतु मुलांनो, त्याच मैदानाच्या कडेला इतरांच्या चपला राखीत बसलेला एखादा सवंगडी तुम्ही पाहिला आहे काय?

कदाचित त्याला जन्मतःच डाऊन सिंड्रोम असेल. आपल्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. त्याच्या पेशींत बहुधा तीन असतात. हे १९५९ साली उमगले. हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे, की कोणाचा अपराध नव्हे. अशा मुलांचे स्नायू शिथिल असतात व शिकण्यास वेळ अधिक लागतो. म्हणूनच चालणे, पोहणे, लेझीम, नृत्य यांची त्यांना विशेष गरज असते. मात्र सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, तर काहींच्या मानेचे सांधे सैल असतात. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच खेळ निवडावा.

१९६८ साली शिकागो येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी विशेष ऑलिंपिक सुरू झाले. तेथे सारख्या कुवतीचे खेळाडू परस्परांशी स्पर्धा करतात. त्यामुळे प्रत्येकाला चुरशीचा आनंद मिळतो. आपल्या मैदानावरही हे साधेल. एका वेळी एकच नियम सांगावा, तो करून दाखवावा आणि उतावीळ होऊ नये.

खो-खोत बसलेला गडी 'खो' मिळाल्यावाचून उठत नाही. तुमचा तो सवंगडीही कडेला बसून वाट पाहत आहे. त्याला 'खो' कोण देणार?