जुना डबा की नवा?

घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरांचा मला एकच प्रश्न असतो: "काका, जुना इंटरफेस स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" सोबत फोटो येतो तो पुढच्या बाजूचा. नॉब, दिवे, कंपनीचं नाव. मी म्हणतो, मागचा फोटो पाठव.

1. आधी सॉकेट बघा, मग नाव.
साधारण 2000 ते 2010 या काळातल्या बऱ्याच भारी इंटरफेसना फायरवायर असायचं. त्यातले काही आजही कानाला सुरेख लागतात आणि मूळ किमतीच्या मानाने मातीमोल मिळतात. पण आजच्या लॅपटॉपला ते सॉकेटच नसतं. मॅकवाले अडॅप्टरला अडॅप्टर जोडून इतकी वर्षं दिवस काढत होते. 2025 मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोने फायरवायरला कायमचा रामराम ठोकला. विंडोजवर वेगळं कार्ड बसवावं लागतं, आणि त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असेल तर बरं, नाहीतर आवाज मध्येच तुटतो. घरात जुना डेस्कटॉप धड चालत असेल, आणि तो इंटरनेटला न जोडता फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवायची तयारी असेल, तर खुशाल घ्या. फक्त यंत्र चालू असताना फायरवायरची केबल लावू-काढू नका. पोर्ट जळू शकतो.

2. म्हातारपण येतं ते ड्रायव्हरला.
24 बिटचं रेकॉर्डिंग दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या यूएसबी इंटरफेसमध्येही आहे. त्याच्या आणि नव्याच्या कन्व्हर्टरमधला फरक कागदावर दिसतो. घरातला पंखा, फ्रिज आणि खालच्या रिक्षा तो कधीच गिळून टाकतात. गाडी अडते ड्रायव्हरपाशी. माझ्याकडचा एक दोन चॅनेलचा इंटरफेस नव्या विंडोजने ओळखणंच सोडलं, कारण कंपनीने त्याचा ड्रायव्हर करणं बंद केलं होतं. यंत्रात काडीचा दोष नाही. आजही जुन्या लॅपटॉपवर त्यातून पेटीचा रियाज रेकॉर्ड होतो.
म्हणून विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा शेवटचा ड्रायव्हर कधीचा आहे ते बघा. ‘क्लास कम्प्लायंट’ असेल तर मॅक आणि आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतो. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास 2 ची सोय 2017 मध्ये आली, पण रेकॉर्डिंगसाठी एएसआयओ ड्रायव्हर लागतो आणि तो बहुधा कंपनीकडूनच यावा लागतो. एएसआयओफोरऑल हा तात्पुरता टेकू. आरएमईसारखी कंपनी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यूएसबी मॉडेलनाही आजच्या विंडोजवर चालणारा ड्रायव्हर देते. म्हणूनच त्यांचा जुना माल स्वस्त होत नाही, आणि जुन्यात पैसे घालायचेच तर मी तिथेच घालेन.

3. हळू आवाजाला मात्र नवाच बरा.
कंडेन्सर माइक असेल तर हा मुद्दा सोडून द्या. पण पॉडकास्टच्या नादाने पोरं शूर एसएम7बी घेतात, आणि त्याला किमान 60 डेसिबल गेन लागतो. फोकसराइट स्कारलेट 2आय2 च्या तिसऱ्या पिढीत तो 56 आहे, 2023 च्या चौथ्या पिढीत 69. हे तेरा डेसिबल ऐकू येतात. हळू आवाजात कविता वाचणाऱ्या आजीसमोर असा माइक ठेवलात, तर जुन्या प्रीॲम्पचा गेन शेवटपर्यंत नेऊनही आवाज पुरत नाही, आणि नंतर वाढवायला गेलं की मागून ‘सुंऽऽ’ वर येतं. मध्ये बूस्टर लावता येतो, पण त्याची किंमत धरली की जुना घेऊन वाचवलेले पैसे तिथेच जातात.

4. लेटन्सीची तक्रार सगळ्यात आधी तबलजी करतो.
48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंद. आत येताना तेवढे, हेडफोनकडे जाताना तेवढे, वर ड्रायव्हरची स्वतःची भर. गाणारा चालवून घेतो, तबलजी म्हणतो, "दादा, माझी सम मागे पडतेय." डायरेक्ट मॉनिटरचा नॉब असला की हा वाद मिटतो, कारण आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. तो जुन्या स्वस्त मॉडेलवरही असतो. सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब कानात घेऊनच गायचं असेल, तरच नव्याचा छोटा बफर कामाचा.

5. सेकंडहँड माल हाताने तपासावा.
लॅपटॉप, हेडफोन, एक कंडेन्सर माइक आणि केबल सोबत न्या. आधी काहीही न लावता हेडफोनचा आवाज कमी ठेवून गेन हळूहळू वर न्या. एकसारखी सुसकारी चालते. नॉब फिरवताना खरखर आली तर आत धूळ आहे किंवा पॉट झिजलाय. मग दोन्ही चॅनेलवर 48 व्होल्ट चालू करून माइक लावा. एकाच चॅनेलवर फँटम पॉवर मेलेली यंत्रं बाजारात पुष्कळ फिरतात, आणि विकणारा नेमका दुसऱ्या चॅनेलवर माइक लावून दाखवतो. यूएसबीचं सॉकेट बोटाने हलवा. कनेक्शन तुटलं तर पुढचं बोलणंच नको. अडॅप्टरवर चालणारं यंत्र असेल तर मूळ अडॅप्टर मागा. काहींना डीसी नव्हे, एसी आउटपुटचा लागतो, आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजारात ‘हा चालेल की’ म्हणून मिळालेला कसलाही अडॅप्टर खुपसला तर यंत्र जाऊ शकतं.

6. नव्या यंत्रांतली ऑटो गेन, म्हणजे गेन आपोआप बसवण्याची सोय, ही चैन आहे, पण एकट्याने गाणाऱ्याला कामाची. पेटीवर दोन्ही हात गुंतलेले असताना नॉब कोण फिरवणार?

7. गुणगुण ऐकू आली म्हणून इंटरफेस बदलू नका.
आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण गेली, तर दोष विजेच्या बाजूचा. दोन पिनांचा चार्जर, स्पीकर एका खोलीतल्या बोर्डवर आणि लॅपटॉप दुसरीकडच्या, किंवा जुन्या वाड्यात नावापुरतं अर्थिंग. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरीही राहिली तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.