पातेलं विचार

भाईंदर (पूर्व),
12 जुलै

चि. मुक्तास,


पुण्याला निघताना तू विचारलं होतंस, "मामा, दुर्मिळ आजार ओळखायचे कसे?" तेव्हा दवाखान्यात तापाच्या पेशंटांची रांग होती. आज रविवार, शटर बंद आहे, म्हणून सवडीने लिहितो.

आधी एक पक्कं कर. पावसाळ्यात इथे ताप घेऊन येणाऱ्याला बहुतेक वेळा साधा व्हायरल ताप, मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड किंवा लेप्टो यांपैकीच काहीतरी असतं. प्रत्येकात दुर्मिळ आजार शोधणारा डॉक्टर पेशंटाला तपासण्यांच्या खर्चानेच आडवा करतो. पण एखाद्याची लक्षणं आपल्या निदानात बसत नसतील, तर लक्षणं कापून बसवू नकोस. निदान बाजूला ठेव आणि घरची चौकशी कर.

तुझ्या शहरातलंच उदाहरण घे. एके काळी वर्ष-दीड वर्षाची मुलं पोट फुगून, कावीळ होऊन दगावायची. यकृत हाताला कडक लागायचं. 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' हे त्या आजाराचं नाव. एका घरातली दोन-तीन भावंडं जायची, त्यामुळे दोष रक्तात असावा असं वाटणं साहजिक होतं. यकृताच्या तुकड्यात मात्र तांबं प्रचंड सापडे. ते येतं कुठून, याचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह काढला. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि ते कशात तापवलं, हे त्यांनी आयांना विचारलं. उत्तर चुलीपाशी होतं : कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी. दुधातलं केसिन तांबं धरून ठेवतं, आणि ते दूध कोवळ्या यकृतात जात होतं. 1983 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. भांडी बदलली आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. पेनिसिलामाइन हे औषध वेळेत मिळालेली काही मुलंही वाचली. काही मुलांनाच तो का होई, यात आनुवंशिकतेचा वाटा असावा असं मानतात. पण भावंडांचं रक्त एक असतं, तसं घरातलं पातेलंही एकच असतं, हे विसरू नकोस.

माझा दवाखाना स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या गल्लीत आहे, हे तुला ठाऊक आहेच. पत्र्याचा खणखणाट ऐकला की मला ही गोष्ट आठवते, आणि तिच्या पाठोपाठ माझी चूकही.

वीसेक वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा आला. अक्षर बिघडलं होतं, चिडचिड वाढली होती, बोलणं जड झालं होतं. शाळेत आळशी म्हणत, घरचे मोबाइलला बोल लावत. मी टॉनिक लिहून दिलं. दोन वर्षं आधी त्याला कावीळ होऊन गेल्याचं माझ्याच केसपेपरवर होतं, पण मी मागचं पान उलटलं नाही. सहा महिन्यांनी हात थरथरू लागला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन कमी, चोवीस तासांच्या लघवीत तांबं जास्त. विल्सनचा आजार. इथे पातेल्याचा दोष नव्हता, खरोखरच रक्तातला होता. यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही, मग ते मेंदूत साचतं.

औषधाने तो सावरला, पण अक्षर पहिल्यासारखं झालं नाही. ते सहा महिने माझ्या हिशेबी आहेत. विल्सनमध्ये सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून नंतर त्याच्या धाकट्या बहिणीलाही तपासलं. तिच्यातही दोष निघाला, लक्षण मात्र एकही नव्हतं. औषध तेव्हाच सुरू झालं, आणि आजही तिची तब्येत ठणठणीत आहे. म्हणून दुर्मिळ आजाराचं नाव सापडलं की पुढचं वाक्य हेच : "घरात आणखी कोण आहे?"

काही आजारांवरचे उपचार घर विकूनही परवडत नाहीत. त्या आईबापांना नुसतं नाव सांगून परत पाठवू नकोस. 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली काही आजारांसाठी ठरावीक केंद्रांत 50 लाखांपर्यंत मदत मिळते, आणि मुंबईच्या परळचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. कागद कुठे द्यायचे हे सांगणंही उपचारच आहे.

हल्ली तांब्याची भांडी पुन्हा हौसेने घेतात. तेव्हा उद्या वॉर्डात यकृत वाढलेलं मूल आलं, तर तपासण्या लिहिण्याआधी आईजवळ बस, केसपेपरची मागची पानं उलट आणि विचार, बाळाचं दूध कशात तापवता?

तुझा,
मामा