रायफलीवरील दुर्बिणीची बैठक : निवड व बसवणी

हरभऱ्याला घाटे धरले, भुईमुगाच्या आऱ्या जमिनींत उतरल्या, कीं रानडुकरांची धाड ठरलेली. विदर्भांत तिच्या जोडीला रोह्यांचे कळप. ज्या बागाईतदारांपाशीं पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना व रायफल आहे, त्यांपैकी कांहींनीं अलीकडे रायफलीवर दुर्बीण बसविली आहे व कांहीं बसविण्याच्या विचारांत आहेत. दुर्बीण कोणती घ्यावी ह्याची चर्चा दहा जण करतात. पण ती ज्या बैठकीवर व ज्या कड्यांत बसावयाची, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढाच विषय घेतला आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणें शिकारीस बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावरहि, अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळाल्यावांचून व तिच्या अटींबाहेर, गोळी चालवितां येत नाहीं. तसेंच शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वयें बंदुकीची दुरुस्ती वा फेरफार हें परवाना असलेल्या कारागिराचेंच काम आहे. खरेदीपूर्वीं परवाना देणाऱ्या कार्यालयांतहि विचारून घ्यावें.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों तें स्वतःच्या चुकीमुळें. चांगल्या पैशांची दुर्बीण आम्हीं घेतली. पण कड्या मात्र दुकानदारानें वरकड म्हणून दिल्या त्याच लावल्या. पुढें परवानगी घेऊन तिन्हीसांजेला भुईमुगांत उतरलेल्या एका डुकरावर आम्हीं नेम धरला. अंतर साठ यार्डांहून अधिक नव्हतें. गोळी खांद्यामागें लागावयाची ती मागच्या पायाला लागली व जनावर शेजारच्या उसांत शिरलें. दुसऱ्या दिवशीं त्याच उसाची तोडणी होती. जखमी डुक्कर आंत असतां तोडकऱ्यांना, त्यांच्या बायकापोरांना, फडांत घालणें म्हणजे त्यांच्या जिवाशीं खेळ. जनावर सांपडून त्याचा शेवट होईपर्यंत दोन दिवस टोळी बसून राहिली, व त्या मुक्या जिवाचे जे हाल झाले ते निराळेच. मागाहून पाहतां पुढच्या कडीचा स्क्रू सैल झाला होता. दुर्बीण बोटानें हलत होती. दोष दुर्बिणीचा नव्हता. बैठक निवडण्यांत व तपासण्यांत आम्हीं केलेल्या हयगयीचा होता.

एवढ्याशा हालचालीनें एवढा फरक कसा पडतो, हें हिशेबानें पाहूं. दोन कड्यांमधील अंतर १०० मिलिमीटर धरा. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारें ०.१ मिलिमीटर असते. एक कडी कागदाच्या जाडीइतकी सरकली, तर नेमाची रेषा हजारांत एक ह्या प्रमाणांत तिरपी होते. म्हणजे १०० मीटरांवर गोळी १० सेंटिमीटर, सुमारें चार इंच, बाजूला जाते. कड्या जितक्या जवळ, तितकी ही चूक मोठी. म्हणून कड्यांमध्यें शक्य तितकें अंतर ठेवावें.

आतां बैठकींचे प्रकार पाहूं. .२२ च्या रायफलीवर पुष्कळदां पाठीवरच दोन तिरप्या खाचा कोरलेल्या असतात व त्यांमधील रुंदी सुमारें ११ मिलिमीटर असते. तिचा धक्का अल्प असल्यानें त्या खाचांना पकडणाऱ्या कड्या पुरतात. मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर मात्र आडव्या खाचांची बैठक स्क्रूंनीं बसवावी लागते. अशा बैठकींत दोन घडणी मुख्य आहेत. एक अमेरिकेंतील वीव्हर ह्यांच्या नांवानें ओळखली जाते. तिच्या खाचेची रुंदी ०.१८० इंच असते. दुसरी पिकाटिनी, जी अमेरिकन सैन्यानें १९९५ सालीं प्रमाण म्हणून ठरविली. तिची खाच ०.२०६ इंच रुंद असून खाचांमधील अंतरहि ठराविक असतें. वीव्हरच्या कड्या बहुधा पिकाटिनीवर बसतात. उलट पिकाटिनीच्या कडीचा जाड आडवा दांडा वीव्हरच्या अरुंद खाचेंत जात नाहीं. सबब बैठक व कड्या एकाच घडणीच्या घ्याव्या.

अखंड बैठक ताठ असते. पण ज्या रायफलींत काडतुसें वरून भरतात तींत ती बोटांना अडचण करते. तेथें दोन तुकड्यांची बैठक सोयीची. आपल्याकडे पुष्कळांपाशीं असलेली ईशापूरची .३१५ रायफल ली-एनफिल्डच्या घडणीवर बेतलेली आहे. अशा जुन्या रायफलीवर बैठकीसाठीं भोकें नसल्यास घरीं ड्रिल चालवूं नये. नळीमागचा पोलादी भाग स्फोटाचा दाब सोसतो, व चुकीच्या जागीं पडलेलें भोंक जिवावर बेतूं शकतें. ह्याच ली-एनफिल्ड घराण्यांतील चार नंबरच्या रायफलीवर दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिशांनीं दुर्बीण बसविली, तेव्हां डाव्या बाजूस दोन पोलादी ठोकळे जडवून त्यांवर दोन मोठ्या स्क्रूंनीं कंस धरविला होता. कंसावर त्या रायफलीचा क्रमांक व दस्त्यावर दुर्बिणीचा क्रमांक ठोकीत. कारण एकीची बैठक दुसरीला तंतोतंत लागत नाहीं हें ते जाणून होते. इतरांच्या रायफलीवरून काढलेली दुर्बीण उसनी आणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

कडीचें माप दुर्बिणीच्या नळीच्या व्यासावरून ठरतें. हा व्यास बहुधा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर किंवा ३० मिलिमीटर असतो. एकाच्या कडींत दुसरी नळी कागद वा पत्रा घालून बसवूं नये. उंचीचा हिशेब असा : पुढच्या भिंगाच्या घंटेचा बाहेरील व्यास ४८ मिलिमीटर असेल तर त्याचा निम्मा २४, त्यांत ३ मिलिमीटर मोकळी जागा मिळवा. म्हणजे दुर्बिणीचा मध्य त्या जागीं रायफलीच्या नळीच्या पाठीपासून २७ मिलिमीटर वर हवा. बोल्टची मूठ उचलतांना दुर्बिणीला लागत नाहीं हेंहि पाहावें. ह्याहून उंच कड्या घेऊं नयेत. कारण मग गाल दस्त्यावर टेकत नाहीं, मान ताणावी लागते व प्रत्येक वेळीं डोळा निराळ्या जागीं येतो.

बसवितांना प्रथम स्क्रू, भोकें व कड्या ह्यांवरील तेल स्पिरिटनें पुसून काढावें. गोळी सुटतांच रायफल मागें येते व दुर्बीण जागींच राहूं पाहते. म्हणून कडी खाचेंत पुढें रेटून, आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच आवळावी. रायफल खांद्याला लावून पूर्ण चित्र दिसेल तेथें दुर्बीण पुढेंमागें सरकवावी. डोळ्यापासून तीन ते चार इंच अंतर नसेल तर धक्क्यासरशीं भुवई फुटते. उभी रेघ ओळंब्याशीं जुळवावी. कडीचे स्क्रू बैलगाडीच्या चाकाच्या नटांप्रमाणें आलटून पालटून, थोडे थोडे आवळावे व दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. जोर कारखान्याच्या कागदांत दिला असेल तेवढाच. साधारणतः तो १५ ते १८ इंच-पौंड असतो. चार इंच लांबीच्या दांड्याच्या टोकाला चार पौंडांचा भार म्हणजे १६ इंच-पौंड. हातानें अंदाज चुकतो, म्हणून मापाचा पाना कारागिराकडून वापरवावा. अधिक आवळल्यास दुर्बिणीची नळी चेपते. शेवटीं स्क्रू व कडी ह्यांवरून नखांच्या रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली कीं स्क्रू फिरला असें समजावें.

नेम जुळविणें परवानगीच्या चांदमारीवर, प्रथम २५ यार्डांवर करावें. दुर्बिणीचा एक टिचका १०० यार्डांवर पाव इंच सरकवीत असेल, तर २५ यार्डांवर तो एक षोडशांश इंचच सरकवितो. म्हणून तेथें एक इंचासाठीं १६ टिचके द्यावे. तीन गोळ्या एकत्र न पडतां भटकूं लागल्या, तर टिचके फिरवीत बसण्याआधीं बैठक तपासावी.

ज्यांच्यापाशीं बारा बोरची बंदूक आहे व जे तीस-चाळीस पावलांवरच बार टाकतात, त्यांना दुर्बिणीची गरज नाहीं. माशी व डोळा पुरे. आणि ज्यांनीं ती बसविली, त्यांनीं तिच्यांतून शेतांत काय हलतें तें कधींहि न्याहाळूं नये. दुर्बीण जिकडे तिकडे नळीचें तोंड, व पिकांत हलणारें सारेंच डुक्कर नसतें, पाणी द्यावयास आलेला गडीहि असतो. न्याहाळण्यास हातांतील साधी दुर्बीण ठेवावी. हंगामापूर्वीं आपण मोटारीचे बोल्ट व नांगराचे खिळे तपासतों; त्याच दिवशीं ह्या चार स्क्रूंवरहि पाना फिरवावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.