छाटणी आणि फळ
शास्त्रपाठ : योहान १५:१-१७, गलतीकरांस ५:२२, २३



नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षांच्या मळ्यांत हंगाम संपल्यावर, एप्रिल महिन्याच्या उन्हांत, जो कोणी जाईल त्यास नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. माळी कात्री घेऊन हिरव्यागार वेली छाटीत असतो. खालीं पानांचा व काड्यांचा ढीग पडतो, आणि मांडवावर केवळ बोडके खुंट राहतात. अजाण मनुष्य म्हणेल कीं, या माळ्याचें वेलीशीं वैर असावें.

परंतु माळ्याचें ज्ञान निराळें आहे. थंड देशांत हिवाळ्यामध्यें वेलीचीं पानें आपोआप गळतात व तिला विश्रांति मिळते. आपल्या प्रांतांत वेल तशी निजत नाहीं, म्हणून ती वर्षांतून दोनदां छाटावी लागते : एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या दिवसांतच पुढील घड गुप्तपणें तयार होऊं लागतो. मग फळछाटणी झाल्यावर तो बाहेर येतो व सुमारें चार महिन्यांनीं पिकतो. तात्पर्य, घड लोकांच्या दृष्टीस पडतो माघ-फाल्गुनांत. परंतु तो धरला जातो वैशाख-ज्येष्ठांत, जेव्हां मांडवावर पाहण्याजोगें कांहींच नसतें.

आतां आपला पाठ पाहा. प्रभु येशूनें पित्यास माळी म्हटलें आहे व त्याचीं दोन कामें सांगितलीं आहेत. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो. फळ देणारा फाटा तो छाटतो. म्हणजे कात्री लागते ती फळ देणाऱ्या फाट्यास! मूळ ग्रीक भाषेंत या छाटण्याचा शब्द आणि पुढच्याच वचनांतील ‘शुद्ध’ हा शब्द एकाच धातूपासून झालेले आहेत. आणि ही शुद्धि वचनाच्या योगें होते, असें प्रभु सांगतो. तेव्हां पित्याच्या हातांतील पहिली कात्री म्हणजे त्याचें वचन होय. प्रत्येक संकट देवानेंच धाडलें, असें आमचें म्हणणें नाहीं. सावकाराची लबाडी ही लबाडीच आहे. परंतु बाप्तिस्मा घेतल्यावर दुःख आलें, म्हणून देव रागावला, असें अनुमान कोणीं काढूं नये.

फळ तें कोणतें? पुष्कळ उपदेशक बंधु रजिस्टरांतील नांवें मोजतात व संख्या वाढली नाहीं म्हणून खिन्न होतात. पौलानें प्रीति, आनंद, शांति इत्यादि नऊ गुण सांगितले, पण त्या सर्वांस मिळून ‘फळ’ असा एकवचनी शब्द योजला. दोघे भाऊ एकाच मंडळींत उपासनेस बसतात, पण शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षें बोलत नाहींत. लग्नांत थाट करण्यासाठीं कर्ज काढितात. प्रीतिभोजनास जुनी जात पाहून पंगत धरितात. हींच तीं पानें! वेलीचा रस तीं पितात, आणि घड मात्र धरत नाहीं. हीं छाटलीं जावींत कीं नाहीं, यावरच आमच्या मंडळ्यांचें पुढील पीक अवलंबून आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईंत झाला. आप्तजन दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा यांचा वियोग त्यांस सोसावा लागला. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. त्याआधींच जातिभेद देवानें केलेला नाहीं, अशी त्यांच्या मनाची खातरी होऊन त्यांनीं तो सोडून दिला होता. टिळकांचीं भजनें आज मंडळ्यांतून गाइलीं जातात; पण मधलीं तीं वर्षें किती बोडकीं दिसलीं असतील, याचा विचार करावा.

मग आपण काय करावें? फाटा धडपड करून फळ आणीत नाहीं. तो वेलींत राहतो. रोज सायंकाळीं घरांतील ज्यास वाचतां येतें त्यानें शुभवर्तमानाचा लहानसा भाग सर्वांस वाचून दाखवावा. नंतर प्रत्येकानें आपल्या मनास पुसावें, ‘हें वचन माझें काय छाटूं पाहतें?’ जें सांपडेल तें आठवडा संपण्यापूर्वीं सोडावें : भावाच्या दारीं जावें, किंवा पंगतींत शेजारीं बसावें. उपदेशकांनीं मात्र दुसऱ्याच्या वेलीवर आपली कात्री चालवूं नये. लूक १३ मधील माळ्यानें अंजिरासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें व भोंवतीं खणून खत घालण्याचें कबूल केलें. आपणांस नेमून दिलेलें काम तेंच.

मननासाठीं प्रश्न
१. आपल्या मंडळींत पानें कोणतीं व फळ कोणतें?
२. गेल्या वर्षीं कोणत्या वचनानें आपणांस छाटिलें?
३. ज्याच्याशीं बोलणें बंद आहे, त्याच्या घरीं आपण केव्हां जाणार?